तळहातावरचा शार्क आणि त्याच्या नावावर खपवलेल्या गोष्टी

माणसाच्या तळहातावर आडवा ठेवलेला काळपट, मोठ्या डोळ्यांचा इवलासा शार्क. फोटो बहुतेक वेळा खराच असतो. त्याखाली जो मजकूर फिरतो तो साधारण असा: हा जगातला सगळ्यात छोटा शार्क, पूर्ण वाढ फक्त सहा इंच. खिशात मावतो म्हणून याला पॉकेट शार्क म्हणतात. अंधारात दिव्यासारखा चमकून भक्ष्याला जवळ ओढतो. दात असे की पाणबुडीलाही सोडत नाही. अंडी घालतो, चारशे वर्षं जगतो, पाण्याबाहेर काढला की दाब उतरल्यामुळे फुटतो आणि याच्या यकृताच्या तेलाने कॅन्सर बरा होतो.

गंमत अशी, की शेवटचा कॅन्सरचा दावा सोडला तर यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या माशाच्या खऱ्या माहितीतून आलेलं आहे. फक्त तो मासा फोटोतला नाही. पाच-सहा जनावरांची हाडं गोळा करून एकच सांगाडा उभा करावा तसा हा मजकूर आहे. म्हणून नुसतं ‘खोटं’ म्हणून सोडून देण्यापेक्षा कुठलं हाड कुणाचं, ते पाहू.

आधी फोटोतला मासा. याचं नाव ड्वार्फ लँटर्नशार्क, शास्त्रीय नाव एट्मॉप्टेरस पेरीआय. स्टुअर्ट स्प्रिंगर आणि जॉर्ज बर्जेस या दोघांनी १९८५ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि शार्कचे अभ्यासक पेरी गिल्बर्ट यांचं नाव त्याला दिलं. कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या कॅरिबियन किनाऱ्यापलीकडे, समुद्रतळ जिथे उताराला लागतो त्या वरच्या पट्ट्यात, २८३ ते ४३९ मीटर खोलीवर तो सापडला आहे. ‘माणूस पोहोचू शकत नाही अशा खोलीत’ वगैरे जे लिहिलं जातं त्यात अर्थ नाही. तळावरून ओढलेलं ट्रॉलचं जाळं तिथवर आरामात पोहोचतं, आणि हा मासा विज्ञानाला माहीत झाला तोही जाळ्यातूनच.

‘खिशात मावतो म्हणून पॉकेट शार्क’

पॉकेट शार्क हा वेगळाच मासा, मोलिस्क्वामा वंशाचा. नावातला खिसा आपल्या सदऱ्याचा नाही, माशाच्या स्वतःच्या अंगावरचा आहे. छातीच्या परांजवळ, दोन्ही बाजूंना एकेक खिशासारखी ग्रंथी असते आणि तिच्यातून चमकणारा द्रव बाहेर पडतो. या वंशाचा पहिला नमुना १९७९ मध्ये चिलीसमोरच्या खोल समुद्रात मिळाला, आणि ती सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची मादी होती. ती खिशात घालायची तर खिसा बराच मोठा शिवून घ्यावा लागेल.

घोटाळा झाला तो दुसऱ्या नमुन्यामुळे. मेक्सिकोच्या आखातात फेब्रुवारी २०१० मध्ये एका संशोधन मोहिमेत १४ सेंटिमीटरचा एक नर मिळाला. तो गोठवून ठेवलेल्या नमुन्यांतच पडून होता. २०१३ मध्ये तो नजरेला आला आणि २०१९ मध्ये मोलिस्क्वामा मिसिसिपिएन्सिस ही नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. ‘साडेपाच इंची चमकणारा नवा शार्क’ अशा बातम्या जगभर छापून आल्या. मजकुरातले ‘सहा इंच’ आणि ‘पॉकेट’ बहुधा तिथूनच आले. पण ते साडेपाच इंच पूर्ण वाढीचे नव्हतेच. त्या माशाच्या अंगावर नाळेचा व्रण शिल्लक होता, म्हणजे ते पिल्लू होतं.

‘जगातला सगळ्यात छोटा, पूर्ण वाढ सहा इंच’

ड्वार्फ लँटर्नशार्कची नोंदली गेलेली कमाल लांबी २१.२ सेंटिमीटर, म्हणजे आठ इंचांहून थोडी जास्त. प्रौढ माणसाचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण १८-१९ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पूर्ण वाढलेला मासा तळहातावर ठेवला तर शेपटी बोटांच्या पुढे लोंबते. सहा इंच, म्हणजे १५.२ सेंटिमीटर, ही मादी जेमतेम वयात येण्याची लांबी. माद्या साधारण १५.५ आणि नर १६ ते १७.५ सेंटिमीटरला प्रौढ होतात.

‘सगळ्यात छोटा’ हा किताब मात्र दिसतो तितका सोपा नाही. मोजायचं काय, ते आधी ठरवावं लागतं. कमाल लांबी धरली तर पेरीआयचे २१.२ सेंटिमीटर. त्याच शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी त्याच किनाऱ्यावरून वर्णन केलेला एट्मॉप्टेरस कार्टेरी जवळपास तेवढाच, २१ सेंटिमीटरच्या आसपास. स्क्वालिओलस अलिए २२ सेंटिमीटरचा. इरिडाक्निस रॅडक्लिफी हा रिबनसारख्या शेपटीचा शार्क २४ चा. पिग्मी शार्क, युप्रोटोमायक्रस बायस्पिनेटस, २७ चा आणि स्क्वालिओलस लॅटिकॉडस २८ चा. पण नर किती लांबीला प्रौढ होतो, असं विचारलं तर चित्र पालटतं. स्क्वालिओलस लॅटिकॉडसचा नर १५ सेंटिमीटरलाच प्रौढ होतो, म्हणजे पेरीआयच्या नराच्याही आधी.

शिवाय पहिल्या दोघा-तिघांत फरक आहे तो काही मिलिमीटरचा, आणि मिलिमीटर मोजताना हात कसा चालला याला महत्त्व येतं. शेपटीचा वरचा भाग नैसर्गिक कोनात ठेवून मोजला की आकडा कमी येतो, सरळ ताणून मोजला की वाढतो. फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला नमुना आकसतो. ताजा मासा आणि बरणीतला मासा यांचे आकडे एका रांगेत लावून ‘हा छोटा’ म्हणणं म्हणजे ओला आणि वाळलेला कपडा एकाच मापात धरणं. ‘माहीत असलेल्या सर्वांत लहान शार्कांपैकी एक’ हे बिनधास्त लिहावं. नमुने फार थोडे मिळालेले असताना ‘सर्वांत लहान’ लिहायचं तर पुढे ‘आतापर्यंतच्या नोंदींनुसार’ जोडावंच लागतं.

‘चमकून भक्ष्याला जवळ ओढतो’

हा मासा चमकतो, हे खरं. कशासाठी चमकतो, तिथे मजकूर नेमका उलट्या दिशेला जातो. हा उजेड दिसण्यासाठी नसतो, लपण्यासाठी असतो.

तीनशे मीटर खोलीवर भर दुपारी वरून अगदी मंद, निळसर उजेड झिरपत असतो. खालून वर पाहणाऱ्या शिकाऱ्याला त्या उजेडावर कुठलाही मासा काळ्या सावलीसारखा दिसतो. लँटर्नशार्कच्या पोटाकडच्या कातडीत बारीक प्रकाशअवयव दाटीने बसवलेले असतात. पोटाचा उजेड वरून येणाऱ्या उजेडाच्या तोडीचा झाला की सावली पुसली जाते. भर उन्हात दिवा लावला तर तो उठून दिसत नाही, तसंच. भक्ष्याला भुलवायचं असतं तर दिवे तोंडाजवळ हवे होते, पोटावर नव्हे.

याचं सगळ्यात बारीक काम पेरीआयच्या जवळच्या नातेवाइकावर, वेल्व्हेट बेली लँटर्नशार्कवर (एट्मॉप्टेरस स्पायनॅक्स) झालं आहे. बेल्जियमच्या लुव्हाँ विद्यापीठातल्या ज्युलियन क्लास आणि जेरोम मालफे यांनी नॉर्वेच्या फ्योर्डमधून (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतून) मिळवलेल्या जिवंत माशांवर ते केलं. प्रत्येक प्रकाशअवयव म्हणजे काळ्या रंगपेशींची एक वाटी. तिच्यात प्रकाश देणाऱ्या पेशी, तोंडाशी भिंग आणि त्या दोन्हींच्या मधे डोळ्याच्या बुबुळासारखा उघडझाप करणारा पडदा. हाडांचा सांगाडा असलेल्या चमकणाऱ्या माशांत ही उघडझाप मज्जातंतूंच्या हुकमावर चालते. लँटर्नशार्कमध्ये ती हार्मोनवर चालते, हे २००९ मध्ये त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. मेलॅटोनिनने उजेड सावकाश चढतो आणि तासन्‌तास टिकतो. प्रोलॅक्टिनने तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो. आल्फा-एमएसएच या हार्मोनने रंगकण पसरतात, झडप मिटते आणि उजेड विझतो.

याचा परिणाम सरळ आहे. हार्मोनचा दिवा बटणासारखा चालूबंद होत नाही, त्याला मिनिटं लागतात. ढग आला म्हणून क्षणात उजेड कमी करणं या माशाला जमत नाही. त्यावर उपाय म्हणजे आपल्या दिव्याला जुळेल इतकाच उजेड जिथे असेल त्या खोलीला राहायचं, आणि उजेड वर-खाली सरकला की आपणही सरकायचं.

सगळाच उजेड लपण्यासाठी असतो असंही नाही. कुशीवर प्रकाशअवयवांचे ठरावीक आकाराचे पट्टे असतात, आणि ते जातीनुसार बदलतात. आपल्या जातभाईंना ओळखायला ते उपयोगी पडत असावेत, असा तर्क आहे. वेल्व्हेट बेलीच्या पाठीवरच्या पारदर्शक काट्यांमागेही असे अवयव रांगेने असतात आणि त्यांच्या उजेडात काटे चमकतात. ‘मला गिळू नकोस’ अशी ती पाटी असावी, असा अर्थ २०१३ मध्ये मांडला गेला. गिळायला बोलावण्याच्या अगदी विरुद्ध.

मग आमिषाची गोष्ट कुठून आली? कुकीकटर शार्कवरून, म्हणजे आयसिस्टिअस ब्रासिलिएन्सिसवरून. त्याचं पोट चमकतं, पण गळ्याभोवती एक काळा, न चमकणारा पट्टा असतो. खालून पाहताना बाकीचा शार्क उजेडात विरघळतो आणि तेवढा पट्टा छोट्या माशाच्या सावलीसारखा उरतो. त्या ‘छोट्या माशाला’ खायला मोठा मासा वर येतो आणि स्वतःच लचका गमावतो, असा कयास एडिथ विडर यांनी १९९८ मध्ये मांडला. तो आजही कयासच आहे. आणि त्यातही आमिष आहे ते अंधाराचं, उजेडाचं नव्हे!

पाणबुडीसुद्धा याच कुकीकटरची. १९७० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवर सोनारच्या (आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्राच्या) घुमटावरचं निओप्रीनचं, म्हणजे रबरासारखं आवरण त्याने गोल गोल कुरतडलं होतं. त्याचा खालचा जबडा मोठ्या करवतीसारखा असतो. ओठ चिकटवून, अंग गरकन फिरवून तो गोळाच्या गोळा कापून काढतो. पेरीआयच्या खालच्या जबड्यातले दात तिरपे आणि एकमेकांत अडकलेले, म्हणजे सलग पात्यासारखे आहेत खरे, पण ते पातं बोटाच्या पेराएवढ्या जबड्यात बसतं. वरचे दात तर बारीक, मधल्या टोकाच्या बाजूंना छोटी टोकं असलेले, निसटतं भक्ष्य पकडून ठेवण्याचे.

‘अंडी घालतो’

नाही. लँटर्नशार्कची अंडी आईच्या पोटातच फुटतात. पिल्लं बलकावर वाढतात आणि जिवंत जन्मतात. पेरीआयला एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात आणि प्रत्येक ५.५ ते ६ सेंटिमीटरचं, म्हणजे आईच्या पाव हिश्शापेक्षा मोठं. वेल्व्हेट बेलीची पिल्लं जन्माआधीच चमकू शकतात. चामड्याच्या पाकिटासारखी, कोपऱ्यांना दोरे असलेली अंडी तळाला अडकवणारे असतात ते कॅटशार्क.

‘चारशे वर्षं जगतो’

हे वय ग्रीनलँड शार्कचं, जो पाच मीटरपर्यंत वाढतो. २०१६ मध्ये २८ माद्यांच्या डोळ्यांच्या भिंगांतला किरणोत्सारी कार्बन मोजून त्यांची वयं काढली. सर्वांत मोठ्या मादीचा अंदाज आला ३९२ वर्षं, अधिक-उणे १२० वर्षं. ‘५१२ वर्षांचा शार्क’ नावाचा जो दुसरा मजकूर फिरतो त्यात ३९२ मध्ये १२० मिळवलेले आहेत, म्हणजे अंदाजाचं वरचं टोकच वय म्हणून सांगितलं आहे. खालचं टोक २७२, ते कुणी लिहीत नाही.

दोन्ही मासे एकाच मोठ्या गणातले, पण वय काढण्याची पद्धतच वेगळी. ग्रीनलँड शार्कच्या पाठीवर काटे नसतात, म्हणून डोळ्याच्या भिंगाकडे वळावं लागलं. लँटर्नशार्कच्या दोन्ही पाठपरांपुढे काटा असतो. तो आडवा कापून पातळ चकती घासली की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. यात चूक होण्याची नेहमीची जागा म्हणजे टोक. काट्याचं टोक झिजतं किंवा तुटतं, आणि काप कुठून घेतला यावर किती वलयं दिसतील हे ठरतं. पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या वेल्व्हेट बेलींवर असं मोजून सर्वांत म्हातारी मादी ११ वर्षांची आणि नर ८ वर्षांचा निघाला. शतकांच्या हिशेबात बसेल असं काहीही नाही.

‘वर आणला की दाबामुळे फुटतो’

ही समजूत चांगल्या शिकलेल्या लोकांतही आहे. आकडे मांडून पाहू. दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो, म्हणजे ४०० मीटरवर तो पृष्ठभागाच्या ४१ पट. तिथली एक लिटर हवा वर आणली की ४१ लिटर व्हायला बघते. ज्या हाडांच्या माशांच्या पोटात हवेची बंद पिशवी असते त्यांचं म्हणूनच हाल होतं. पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर ढकललं जातं, डोळे बाहेर येतात.

शार्कला ही पिशवीच नाही. कुठल्याच शार्कला नाही. त्याच्या अंगात आहे पाणी, मांस, कूर्चा आणि तेल, आणि यांतलं काहीच हवेसारखं आकुंचन पावत नाही. ४०० मीटरच्या दाबाने एक लिटर पाणी दोन मिलिलिटरही आकसत नाही. तेवढंच वर येताना परत मिळतं. फुटायला काही उरत नाही.

तरंगण्याचं काम यकृत करतं. त्यातल्या स्क्वालीन तेलाची घनता ०.८६ च्या आसपास आणि समुद्राच्या पाण्याची १.०२७. शंभर ग्रॅम स्क्वालीन सुमारे ११६ मिलिलिटर जागा घेतं आणि तेवढ्या पाण्याचं वजन ११९ ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम तेल पाण्यात १९ ग्रॅम वजन उचलून धरतं. हवेच्या तुलनेत हे उचलणं तोकडं आहे, म्हणून खोल पाण्यातल्या शार्कांचं यकृत अवाढव्य असतं. पण फायदा असा, की खोली बदलली तरी हे उचलणं जवळपास तेवढंच राहतं.

मग जाळ्यातून आलेले लँटर्नशार्क मेलेले का असतात? जाळ्याच्या शेपटीत त्यांच्यावर मणभर मासे आणि चिखल पडलेला असतो, कल्ले दबतात, गुदमरतात. कातडी घासून सोलते. काटे जाळ्यात अडकतात आणि ओढताना मुळातून उपटतात. त्यात कॅरिबियनसारख्या समुद्रात तळाशी १०-१५ अंशांचं पाणी आणि वर २६-२८ अंशांचं. मिनिटांत बारा-पंधरा अंश चढलेलं तापमान हे इवलंसं शरीर सोसत नाही. मंद उजेडाला सरावलेल्या डोळ्यांवर डेकवरचं ऊन येतं, ते वेगळंच. तोच मासा गळाच्या दोरीने सावकाश वर काढला आणि लगेच थंड, अंधाऱ्या पाण्यात ठेवला तर जगतो. वर सांगितलेले हार्मोनचे प्रयोग झाले ते अशाच माशांवर. जिवंत आलेल्या लँटर्नशार्कसाठी म्हणून करायचं ते इतकंच: झाकण असलेली बादली, बर्फाच्या बंद पिशव्यांनी गार केलेलं समुद्राचं पाणी, आणि हात ओले करून एका हाताने डोक्यामागे, दुसऱ्याने शेपटीच्या बुडाशी आधार. बर्फ थेट पाण्यात टाकू नये, क्षार पातळ होतात. आणि हाडाच्या माशांची हवा काढायला वापरतात ती सुई याला टोचणं तर शुद्ध जखम.

‘यकृताच्या तेलाने कॅन्सर बरा होतो’

या वाक्याला मात्र कुठल्याच माशाचा आधार नाही. ‘शार्कला कॅन्सर होत नाही’ या जुन्या गृहीतावर ते उभं आहे आणि ते गृहीतच चूक आहे. शार्कांमध्ये कूर्चेच्या गाठींपासून अनेक प्रकारच्या गाठी नोंदल्या गेल्या आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका ग्रेट व्हाइट शार्कच्या खालच्या जबड्यावर फूटभर रुंद गाठ होती, ती नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्क्वालीन औषधनिर्मितीत वापरलं जातं, हे खरं. एमएफ५९ नावाच्या मिश्रणात ते असतं आणि फ्लूच्या काही लसींत लसीचा परिणाम वाढवायला हे मिश्रण घालतात, एका डोसमध्ये १० मिलिग्रॅमपेक्षाही कमी स्क्वालीन. ते औषध नव्हे, लसीचा सहाय्यक आहे. शिवाय स्क्वालीन ऑलिव्ह तेलात असतं, राजगिऱ्यात असतं, आणि उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवूनही तयार करता येतं. तेलासाठी मारले जातात ते हाताएवढे लँटर्नशार्क नव्हेत. ते मीटरभर लांबीचे गल्पर शार्क, ज्यांना एका खेपेला जेमतेम एक-दोन पिल्लं होतात. असा मजकूर पुढे पाठवला की मागणी वाढते ती त्यांच्या यकृताची.

आणि तो फोटो

मजकूर तोच राहतो, फोटो बदलत जातो. म्हणून तळहातावर कोण आहे हे तपासायची खूण सांगून ठेवलेली बरी. पोटाच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे खालच्या अंगाला मधोमध एकटा (जोडीचा नसलेला) पर दिसला तर तो लँटर्नशार्क नाही. कॅटशार्क असेल किंवा रिबन शेपटीचा इरिडाक्निस. तो पर नसेल तर पाठीकडे पाहा. दोन्ही पाठपरांपुढे काटा, मागचा पर आणि मागचा काटा पुढच्यापेक्षा मोठा, तर लँटर्नशार्कांपैकी कुणीतरी. काटा फक्त पुढच्या पराला असेल तर स्क्वालिओलस. काटाच नसेल आणि परांना फिकट कडा असतील तर पिग्मी शार्क.

लँटर्नशार्कांमध्येही नेमका पेरीआयच, हे एका फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी पूर्ण कुशीचा फोटो, शेजारी मोजपट्टी, पोटावरच्या आणि शेपटीच्या बुडाशी असलेल्या काळ्या पट्ट्यांचा जवळून फोटो आणि दात दिसतील असा उघडा जबडा, एवढं लागतं. पकडल्याची खोली आणि जागा हवीच.

फोटोत मासा हिरवागार झळकत असेल तर तो चमकणाराही नसतो. निळ्या दिव्याखाली हिरवा दिसणारा तो स्वेल शार्क किंवा चेन कॅटशार्क. बाहेरून पडलेला निळा उजेड त्यांची कातडी शोषते आणि हिरवा करून परत टाकते. निळा दिवा बंद केला की खेळ संपला. लँटर्नशार्कचा स्वतःचा उजेड निळसर आणि इतका मंद, की अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावरच दिसतो आणि कॅमेऱ्याला बराच वेळ उघडं राहावं लागतं. खोलीत दिवे लागलेले, हातावर मासा, बोटांच्या रेषाही स्पष्ट आणि माशाचं पोट निळं झगमगणारं, असा फोटो आला तर तो निळा रंग संगणकावर भरलेला आहे.